पत्ता नसलेल्या रुग्णाचे काय?

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले, तेव्हा नव्या सरकारला बसायला जागा नव्हती. ती मिळाली एका रुग्णालयात. दाऊ कल्याणसिंह या दानशूर मालगुजाराच्या देणगीतून उभे राहिलेले रायपूरचे डी. के. रुग्णालय हे राज्याचे पहिले मंत्रालय ठरले. नव्या रायपुरात महानदी भवन तयार होईपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर २०१२ पर्यंत, छत्तीसगडचा कारभार याच इमारतीतून चालला. पुढे २०१८ मध्ये तेथे पुन्हा रुग्णालय सुरू झाले, यावेळी अतिविशेषोपचारांचे. सचिव आणि मंत्री बारा वर्षे रुग्णांच्या दालनांत बसल्याचे दुसरे उदाहरण या देशात शोधूनही सापडणे कठीण. त्या सहवासाचा परिणाम राज्याच्या आरोग्य धोरणावर किती झाला, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधायचे तर डी. के. भवनात न जाता जवळच्या ब्राह्मणपाऱ्यात रात्री अकरानंतर जावे.

ब्राह्मणपारा ही जुन्या रायपुरातील वस्ती. एका अंगाला कंकाली तलाव, पलीकडे बुढा तलाव, मध्ये आझाद चौक. मराठी वाचकाला हा मुलूख परका वाटू नये. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर आली आणि तिच्यामागोमाग कारकून, पुरोहित, वकील, शिक्षक अशी मराठी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. तात्यापारा हे नाव रायपुरात आजही रुळलेले आहे. १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे आणि त्यांचे सहकारी वामनराव लाखे यांपैकी एकाच्या नावाची शाळा आणि दुसऱ्याच्या नावाची वस्ती रायपुरात आहे. पण जुन्या शहराचा हा भाग केवळ पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा नाही. दुकानांच्या फळ्या मिटल्या की पायऱ्यांवर, देवळांच्या ओवऱ्यांत, तलावाच्या काठावर अंग टाकणारी माणसे कोणत्याही जुन्या बाजारपेठेत असतात, तशी येथेही आहेत. हमाली करणारे, भंगार वेचणारे, घरातून निघालेले वा काढलेले वृद्ध, हंगामापुरते आलेले आणि परतीचे भाडे न उरलेले मजूर.

यांपैकी एखाद्याला पहाटे फेफरे आले किंवा एखादीच्या बाळंतकळा सुरू झाल्या, तर काय होते? पहिल्या तासापुरते बोलायचे, तर पूर्वीपेक्षा बरेच बरे होते, हे मान्य केले पाहिजे. छत्तीसगडमध्ये २०११ पासून ‘१०८’ ची रुग्णवाहिका आहे. एखाद्या सज्जन दुकानदाराने फोन केला, तर गाडी येते. डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय, ज्याला अवघे रायपूर ‘मेकाहारा’ म्हणते, ते ब्राह्मणपाऱ्यापासून जेमतेम तीन किलोमीटरवर आहे. सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात आलेल्या माणसाला दारातूनच हाकलून दिले जाते, असा सरसकट आरोप करणे अन्यायाचे होईल. सलाईन लागते, नाडी पाहिली जाते, नोंदवहीत ‘अज्ञात पुरुष, वय अंदाजे’ अशी नोंद होते.

खरी अडचण सुरू होते ती दुसऱ्या तासाला.

आपली सरकारी रुग्णालये एका गृहीतावर चालतात आणि ते गृहीत कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नाही: प्रत्येक रुग्णाबरोबर एक नातेवाईक असतो. स्ट्रेचर ढकलायला वॉर्डबॉय सापडला नाही, तर नातेवाईक ढकलतो. रक्ताची नळी प्रयोगशाळेत तोच पोहोचवतो, औषधाच्या चिठ्ठीवरचे रुग्णालयात नसलेले औषध बाहेरून तोच आणतो, बदली रक्तदाता तोच शोधतो, शस्त्रक्रियेच्या कागदावर सही तोच करतो आणि रात्री खाटेखाली झोपून रुग्णाला लघवीचे भांडे तोच देतो. किंबहुना, सरकारी आरोग्यसेवेच्या मनुष्यबळातला सर्वांत मोठा आणि बिनपगारी वर्ग म्हणजे रुग्णाचे नातेवाईक. जो माणूस एकटा आला, त्याच्यासाठी ही सारी यंत्रणा थबकते. त्याला कोणी नाकारत नाही. त्याचे काम पुढे सरकत नाही, इतकेच. कवटीत रक्तस्राव असलेल्या रुग्णाच्या बाबतीत ‘इतकेच’ या शब्दाचा अर्थ काय होतो, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

यावर न्यायालयांनी काही म्हटले नाही, असे नाही. उलट, या विषयावर आपल्या न्यायालयांइतके स्वच्छ क्वचितच कोणी बोलले असेल. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८९ रोजी निकाल दिला. मोटारीने उडवलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने पोलिसी प्रकरणाच्या भीतीने दूरच्या रुग्णालयाकडे धाडले आणि तो वाटेतच मरण पावला, या बातमीवरून हे प्रकरण उभे राहिले होते. जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य, पोलिसांचे सोपस्कार नंतर, असे न्यायालयाने बजावले. पुढे १९९६ चा पश्चिम बंगालचा खटला आला. आगगाडीतून पडलेल्या एका शेतमजुराला कोलकात्यातील एकामागून एका सरकारी रुग्णालयाने खाट नाही म्हणून परत पाठवले होते. अखेर त्याला खासगी रुग्णालयात पैसे मोजून उपचार घ्यावे लागले. वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचा भंग आहे, आणि तिजोरीत पैसा नाही ही सबब राज्याला सांगता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि त्या मजुराला २५ हजार रुपयांची भरपाई देवविली.

दिल्लीकर वाचकांना २०१० मधील शंकर मार्केटची घटना आठवत असेल. कनॉट प्लेसच्या ऐन वर्दळीत एक निराधार स्त्री रस्त्यावरच बाळंत झाली आणि काही दिवसांनी तेथेच मरण पावली. दिल्ली उच्च न्यायालयाने वृत्तपत्रातील बातमीवरून स्वतःहून दखल घेतली आणि निराधार गर्भवतींसाठी निवारे उभारण्याचा आदेश सरकारला दिला. देशातली काही मोठी सरकारी रुग्णालये तिच्यापासून काही किलोमीटरच्या आत होती. तिला कोणी दारातून परत पाठवले असेही नाही. ती दारापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्थाच कोणाच्या कामाच्या यादीत नव्हती.

निकाल आहेत, निवाडे आहेत. तरीही दुसरा तास जागचा का हलत नाही? कारण निकाल डॉक्टरला उद्देशून आहेत आणि अडचण हिशेबाची आहे. गेल्या वीस वर्षांत सरकारांनी आरोग्यावरचा खर्च रुग्णालयाच्या अंदाजपत्रकातून काढून हळूहळू रुग्णाच्या कार्डावर नेला. यात सगळेच वाईट आहे असे नाही; कार्डामुळे गरीब माणूस खासगी रुग्णालयाच्या काचेच्या दारातून आत जाऊ लागला. परंतु सरकारी रुग्णालयालाही आता विम्याच्या दाव्यातून पैसे मिळवावे लागतात आणि ज्याचा दावा करता येत नाही तो रुग्ण खर्चाच्या बाजूला उरतो. छत्तीसगडमध्ये १ जानेवारी २०२० पासून डॉ. खूबचंद बघेल स्वास्थ्य सहायता योजना लागू झाली. प्राधान्य व अंत्योदय शिधापत्रिका असलेल्यांना वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत आणि इतरांना पन्नास हजारांपर्यंत उपचार, अशी तिची रचना होती. शिधापत्रिका हा तिचा कणा. ज्याला घर नाही त्याला शिधापत्रिका मिळवणे किती दुरापास्त, हे पुरवठा खात्यात काम केलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याला ठाऊक आहे. सत्तांतरानंतर योजनेला शहीद वीर नारायण सिंह यांचे नाव देण्यात आले. १८५६ च्या दुष्काळात सावकाराचे धान्याचे कोठार फोडून सोनाखानच्या या जमीनदाराने ते उपाशी लोकांत वाटले आणि पुढच्या वर्षी रायपुरात इंग्रजांनी त्यांना फाशी दिले. धान्य वाटताना त्यांनी कोणाचे कार्ड पाहिल्याची नोंद नाही.

केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतील विसंगती याहून गमतीची आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेतील जे ग्रामीण गट तिला आपोआप पात्र ठरले, त्यांत निवारा नसलेली कुटुंबे आणि भिक्षेवर जगणारे अग्रभागी होते. शहरी भागातील व्यवसायांच्या यादीतही भिकारी आणि कचरावेचक आहेत. म्हणजे कागदावर बेघर माणूस पहिला हक्कदार. पण त्या गणनेत त्याचे नाव असेल तर! जो गणनेच्या वेळी एका शहरात होता, आज दुसऱ्या शहरात आहे आणि ज्याचे नाव गणकाने कोणत्या घरापुढे लिहावे हाच प्रश्न होता, त्याची पात्रता सिद्ध करायची कोणी? शुद्धीवर नसलेल्या रुग्णाने?

२०२५ मध्ये रस्ते अपघातांसाठी केंद्राने रोकडरहित उपचारांची योजना आणली. अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळतात आणि त्यासाठी तो कोणत्या गावचा, हे महत्त्वाचे नाही. हे पाऊल योग्यच आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष विचित्र आहे. ब्राह्मणपाऱ्याच्या पायरीवर झोपलेल्या माणसाला भरधाव मोटारीने चिरडले तर त्याच्यामागे पैसा उभा राहील. त्याच पायरीवर त्याला पक्षाघात झाला, साप चावला वा थंडीने गारठला, तर राहणार नाही. मोटारीच्या धडकेला राज्य आपली जबाबदारी मानते. उघड्यावर झोपण्याला मानत नाही.

महाराष्ट्राने यावरून छत्तीसगडला उपदेश करण्याचे कारण नाही. जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या ससून सर्वोपचार रुग्णालयात जे उघडकीस आले, ते मराठी माणसाला विसरता येण्याजोगे नाही. उपचार घेत असलेल्या एका बेवारस रुग्णाला रात्रीच्या वेळी रिक्षातून नेऊन निर्जन जागी झाडाखाली सोडून दिल्याचे एका सामाजिक कार्यकर्त्याने समोर आणले. निवासी डॉक्टरवर गुन्हा दाखल झाला, निलंबन झाले, चौकशीच्या घोषणा झाल्या. कृत्य निर्दय होते, याबद्दल दुमत असू शकत नाही. परंतु या प्रकरणाची चर्चा डॉक्टरच्या निर्दयतेवर संपली, हे दुर्दैव. शंभर खाटांच्या वॉर्डात दीडशे रुग्ण असताना बेवारस रुग्ण महिनोन्‌महिने पडून राहतो, त्याची शुश्रूषा करायला माणूस नाही, त्याला घरी पाठवायचे तर घर नाही आणि निवाऱ्याकडे पाठवायचे तर जखमी माणसाला घ्यायला निवारा तयार नाही. समाजसेवा अधीक्षकाच्या हाती पत्र लिहिण्यापलीकडे अधिकार नाही. या कोंडीतून वाट कशी काढायची हे ज्या व्यवस्थेने सांगितले नाही, तिने विशीतिशीतल्या एका निवासी डॉक्टरला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून स्वतःची सुटका करून घेतली.

‘बेवारस’ हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. वारस नसलेली ती मालमत्ता. रुग्णालयांनी हा शब्द जिवंत माणसाला लावला आणि तो इतका रुळला की कोणाच्या कानाला खटकत नाही. आश्चर्य असे की, बेवारस मृताचे काय करायचे याबाबत आपला कायदा अगदी स्पष्ट आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्येच शरीरशास्त्राच्या अभ्यासासाठी बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याचा कायदा केला. कोणी, कोणाला कळवायचे हे सारे त्यात आहे. बेवारस रुग्ण जिवंत असेपर्यंत कोणी काय करायचे, हे सांगणारा तितका नेमका कागद मात्र शोधावा लागतो.

या मागणीवर आक्षेप घेणारे प्रशासनात पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही. ओळखीशिवाय उपचारांचा खर्च देऊ लागलो, तर खोट्या ‘अज्ञातां’ची बिले लावली जातील, असे ते म्हणतात. विमा योजनांमधील गैरव्यवहारांचा इतिहास पाहता ही भीती रास्त आहे. दुसरा आक्षेप असा की, फुकट उपचार आणि निवारा मिळतो म्हटल्यावर शेजारच्या राज्यांतील निराधारांचा ओघ राजधानीकडे वळेल. हा दुसरा आक्षेप दिल्लीतही ऐकू येतो आणि मुंबईत तर फार जुना आहे. पण पक्षाघात झालेला मनुष्य योजनांची तुलना करून शहर निवडत नाही. छत्तीसगडने तर हा आक्षेप घेताना दहादा विचार करावा. सुगी संपली की या राज्याचे मजूर नागपूर, पुणे, हैदराबादच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. त्यांच्यातला एखादा नागपूरच्या मेयो रुग्णालयात अज्ञात म्हणून दाखल झाला, तर महाराष्ट्राने काय करावे अशी रायपूरची अपेक्षा आहे? तीच अपेक्षा नागपूरने रायपूरकडून ठेवावी.

पहिल्या आक्षेपाला उत्तर मात्र द्यावे लागते, आणि ते निवडणूक आयोगाने केव्हाच देऊन ठेवले आहे. बेघर नागरिकाला मतदार यादीत नाव नोंदवायचे असेल, तर पत्त्याचा पुरावा मागितला जात नाही. अर्जात जी जागा लिहिली असेल तेथे मतदान केंद्र अधिकारी एकाहून अधिक रात्री जातो आणि तो माणूस तेथे खरोखर झोपतो की नाही, हे पाहून येतो. झोपण्याची जागा हाच पत्ता. ज्या शासनाला मतासाठी पदपथावरचा माणूस रात्री जाऊन ओळखता येतो, त्याला आरोग्य योजनेच्या कार्डासाठी तो ओळखता येत नाही, असे म्हणणे टिकणारे नाही. ब्राह्मणपाऱ्यातील मतदान केंद्र अधिकाऱ्याबरोबर आरोग्य खात्याचा एक कर्मचारी चार रात्री फिरला, तर वस्तीतल्या बेघरांची यादी तयार होईल. ही यादी कायमची राहणार नाही, दर सहा महिन्यांनी करावी लागेल. मतदार यादीही दुरुस्त करावीच लागते.

उपचारांच्या बाबतीत ‘कार्ड असो वा नसो’ ही भाषाही भारतीय कायद्याला नवी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याकडे तसे कार्ड असो वा नसो, आणि निराधार वा बेघर व्यक्तीला सरकारी व सरकारी अनुदानावरील मानसोपचार संस्थांत मोफत उपचारांचा हक्क दिला आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना घरी पोहोचवण्याच्या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कर्जतच्या संस्थेचा अनुभव हेच सांगतो की उपचार मिळाल्यावर ‘अज्ञात’ माणसांना नावगाव आठवते आणि त्यांतील अनेकांना घरेही असतात. मनाच्या आजाराला कार्ड लागत नाही आणि फुटलेल्या डोक्याला लागते, या फरकाचे समर्थन कोणता आरोग्य सचिव करील?

तेव्हा राज्याने करायचे ते फार नाही. अज्ञात वा बेघर रुग्णाचा पहिल्या काही दिवसांचा खर्च कार्डाविना थेट शासनाच्या खात्यावर पडेल आणि त्यानंतरच ओळख पटवण्याचे काम सुरू होईल, असा आदेश हवा. गैरव्यवहाराची भीती असेल, तर असा प्रत्येक दाखला त्याच दिवशी पोलीस ठाण्यात आणि महापालिकेत कळवण्याची अट घालता येईल. अपघातांच्या बाबतीत दिल्ली सरकारने ‘फरिश्ते’ योजनेत रहिवासाची अट वगळली, तेव्हा बिलांचे प्रश्न आले. २०२३ मध्ये थकलेल्या पैशांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यातला धडा असा की पैसा आधी बाजूला काढून ठेवावा लागतो; योजनेचे नाव कितीही देवदूताचे असले, तरी रुग्णालय उधारीवर फार काळ चालत नाही. एकट्या रुग्णासाठी नातेवाइकाचे काम करणारा पगारी माणूस प्रत्येक पाळीत एक तरी असावा. आणि सहीसाठी शस्त्रक्रिया थांबवू नये. सद्‌हेतूने, रुग्णाच्या हितासाठी संमतीविना केलेल्या कृतीला भारतीय दंड संहितेच्या ९२ व्या कलमाने संरक्षण दिले होते. आज ते भारतीय न्याय संहितेच्या ३० व्या कलमात आहे. निवासी डॉक्टरला हे कलम कोणी दाखवून देत नाही, म्हणून तो नातेवाइकाची वाट पाहत राहतो.

राहता राहिला सुट्टीचा प्रश्न, आणि सर्वांत बिकट तोच आहे. ‘१०८’ ची गाडी माणसाला रुग्णालयात आणते. परत नेण्याची जबाबदारी तिची नाही. मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे एक, बारमाही आणि चोवीस तास चालणारा निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले. २०११ च्या जनगणनेत रायपूर महापालिकेची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात होती, म्हणजे त्या वेळच्या हिशेबानेच दहा निवारे. पण प्लॅस्टरमधला पाय घेऊन आलेल्या, दिवसातून दोनदा मलमपट्टी लागणाऱ्या माणसाला सामान्य निवाऱ्यात जागा देऊन भागत नाही. तेथे परिचारिका लागते, पथ्याचे जेवण लागते आणि महिनाभर खाट अडवू देण्याची मुभा लागते. निवारे महापालिकेचे, रुग्णालय वैद्यकीय शिक्षण खात्याचे, विमा आरोग्य खात्याचा, शिधापत्रिका पुरवठा खात्याची. चार खात्यांच्या सीमेवर पडलेला हा रुग्ण आहे आणि चारही खात्यांना एकत्र बसवू शकेल असा अधिकारी एकच, मुख्य सचिव.

डी. के. भवनात मंत्रालय असताना मुख्य सचिवांना बुढा तलावाच्या काठी झोपलेली माणसे घरी जाता-येता दिसत असतील. आता मंत्रालय नव्या रायपुरात आहे, जुन्या शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर दूर. सही तेथूनच व्हायची आहे.